मीठ पाण्यात पडते तेव्हा

साठी ओलांडलेल्या माणसाची सविस्तर रक्ततपासणी केली की अहवालात सोडियम, पोटॅशियम आणि क्लोराइड अशा तीन ओळी बहुधा असतातच. नीट पाहिले तर पहिल्या दोघांच्या चिन्हापुढे एक बारीकसे अधिक चिन्ह दिसते आणि तिसऱ्यापुढे उणे. घरातील मंडळी साखर पाहतात, क्रिएटिनिन पाहतात, हिमोग्लोबिन पाहतात आणि या तीन ओळी ओलांडून पुढे जातात. मग एखाद्या दिवशी डॉक्टर सांगतात, ‘आजोबांचे सोडियम कमी झाले आहे.’ त्यावर घरातून दोनपैकी एक प्रश्न हमखास येतो. ‘आम्ही तर मीठ बंद केले होते, त्यामुळे झाले का?’ किंवा ‘मीठ तर रोज खातात, मग सोडियम कमी कसे?’

दोन्ही प्रश्नांच्या मुळाशी एकच समजूत आहे. सोडियम म्हणजे मीठ आणि मीठ म्हणजे सोडियम, ही ती समजूत. ती अर्धी खरी आहे. उरलेला अर्धा भाग समजून घ्यायचा तर शाळेतील रसायनशास्त्राचे एक पान उघडावे लागेल. आपल्या नातवंडांच्या माध्यमिक शाळेच्या विज्ञान पुस्तकात ‘आयनिक बंध’ नावाचा भाग असतो. आज तोच आपण स्वयंपाकघरातील मिठाच्या बरणीजवळ बसून वाचू. अहवालातील त्या बारीक अधिक-उणे चिन्हांचा अर्थ त्यातूनच कळतो. वडीलधाऱ्यांची काळजी घेताना त्याचा उपयोग किती होतो, हेही ओघाने दिसेल.

दोन दाहक द्रव्ये, एक सौम्य पदार्थ

सोडियम हा मूळ रूपात सुरीने कापता येईल इतका मऊ, चकचकीत धातू आहे. तो पाण्यात टाकला तर पेट घेतो, म्हणून प्रयोगशाळेत त्याला रॉकेलमध्ये बुडवून ठेवतात. क्लोरीन हा हिरवट पिवळा विषारी वायू. पहिल्या महायुद्धात १९१५ साली ईप्रच्या रणांगणावर तो अस्त्र म्हणून वापरला गेला. या दोन द्रव्यांचा संयोग झाला की तयार होते ते आपले रोजचे मीठ. ताटात डाव्या बाजूला चिमूटभर वाढले जाणारे, निरुपद्रवी आणि पांढरे.

हे परिवर्तन कसे घडते? प्रत्येक अणूच्या केंद्राभोवती इलेक्ट्रॉन असतात आणि ते थरांनी रचलेले असतात. या थरांना कवचे म्हणतात. सोडियमजवळ ११ इलेक्ट्रॉन असतात. आतल्या कवचात २, मधल्यात ८ आणि सर्वांत बाहेर एकच. क्लोरीनजवळ १७ असतात. २, ८ आणि बाहेरच्या कवचात ७. बाहेरच्या कवचात ८ इलेक्ट्रॉन असले की अशा अणूंची रचना स्थिर राहते. सोडियमने बाहेरचा एकुलता एक इलेक्ट्रॉन दिला तर त्याच्या खालचे आठांचे भरलेले कवच उघडे पडते. क्लोरीनला तोच एक मिळाला तर त्याचे सातांचे आठ होतात.

इलेक्ट्रॉनवर ऋण प्रभार असतो. तो देऊन टाकल्यावर सोडियमच्या अणूवर एक धन प्रभार शिल्लक राहतो आणि तो स्वीकारल्यावर क्लोरीनवर एक ऋण प्रभार येतो. असा प्रभार असलेल्या कणाला आयन म्हणतात. अहवालातील बारीक अधिक चिन्ह म्हणजे ‘या अणूने एक इलेक्ट्रॉन दिलेला आहे’ अशी नोंद, आणि उणे म्हणजे ‘याने एक घेतलेला आहे’ अशी नोंद. धन आणि ऋण एकमेकांकडे ओढले जातात. या ओढीलाच आयनिक बंध म्हणतात. १९१६ मध्ये वाल्थर कोसेल या जर्मन शास्त्रज्ञाने इलेक्ट्रॉनच्या या देवघेवीतून बंधाचे स्पष्टीकरण मांडले.

येथे एक बारकावा लक्षात घेण्यासारखा आहे. सोडियमकडून इलेक्ट्रॉन काढून घेण्यास जी ऊर्जा लागते, तिच्यापेक्षा तो क्लोरीनला मिळताना परत येणारी ऊर्जा कमी असते. म्हणजे नुसती देवघेव पाहिली तर हा व्यवहार तोट्याचा. तोटा भरून निघतो तो पुढच्या पायरीवर. तयार झालेले असंख्य आयन एकमेकांना ओढून घेत जवळ येतात आणि एक भक्कम रचना उभी करतात, तेव्हा भरपूर ऊर्जा बाहेर पडते. त्यामुळे मिठात सोडियम आणि क्लोराइड यांच्या सुट्या जोड्या नसतात. प्रत्येक सोडियमभोवती सहा क्लोराइड आणि प्रत्येक क्लोराइडभोवती सहा सोडियम अशी चौकोनी जाळी सर्व दिशांनी पसरलेली असते. मिठाचा खडा भिंगाखाली धरला तर त्याच्या कडा सरळ आणि कोपरे काटकोनी दिसतात ते यामुळेच. ही जाळी इतकी घट्ट असते की मीठ वितळवायला ८०१ अंश सेल्सिअस तापमान लागते. आपल्या चुलीवरच्या तव्यात मीठ तडतडते, भाजले जाते, पण वितळत नाही.

पाणी बंध सोडवते

८०१ अंशांना दाद देणारी ही जाळी पेलाभर साध्या पाण्यात मात्र मिनिटभरात नाहीशी होते. याचे कारण पाण्याच्या रचनेत आहे. पाण्याच्या रेणूत ऑक्सिजनच्या बाजूला थोडा ऋण प्रभार असतो आणि हायड्रोजनच्या बाजूंना थोडा धन. पाण्याचे रेणू खड्याच्या पृष्ठभागावर गर्दी करतात. त्यांची ऑक्सिजनची बाजू सोडियमकडे वळते, हायड्रोजनची क्लोराइडकडे. एकेका आयनाला असे चहूबाजूंनी वेढून ते त्याला जाळीतून अलगद बाहेर काढतात. शिवाय पाण्यात असताना दोन आयनांमधील परस्पर आकर्षण सुमारे ८० पटींनी क्षीण होते. मग सोडियम एकीकडे आणि क्लोराइड दुसरीकडे, दोघेही मोकळे फिरू लागतात.

स्वयंपाकघरात याची परीक्षा सहज घेता येते. फोडणीच्या तेलात मीठ टाकले तर ते विरघळत नाही, तळाशी दाणेच राहतात. तेलाच्या रेणूत असे धन-ऋण टोक नसते, म्हणून ते आयनांना वेढू शकत नाही.

साखरही पाण्यात विरघळते, पण तिचे विरघळणे निराळे. साखरेच्या रेणूतील अणूंनी इलेक्ट्रॉन दिलेले-घेतलेले नसतात, ते भागीदारीत वापरलेले असतात. म्हणून पाण्यात साखरेचे रेणू एकमेकांपासून सुटतात, परंतु प्रत्येक रेणू अखंड राहतो. मीठ विरघळते तेव्हा ते दोन वेगळ्या कणांत विभागले जाते. म्हणूनच मिठाच्या पाण्यातून वीज वाहते आणि साखरेच्या पाण्यातून जवळजवळ वाहत नाही. स्वीडनच्या स्वांटे आऱ्हेनियस याने १८८४ मध्ये आपल्या प्रबंधात मिठासारख्या पदार्थांच्या द्रावणांतून वीज कशी वाहते याचा विचार मांडला, तेव्हा उप्साला विद्यापीठातील परीक्षकांना तो फारसा पटला नव्हता. अशी द्रव्ये पाण्यात प्रभारित कणांत विभागली जातात, या त्याच्या सिद्धांतालाच पुढे १९०३ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले.

आता आपल्या प्रश्नाचा उरलेला अर्धा भाग हाती येतो. मीठ हे बरणीत मीठ असते. जिभेवरच्या लाळेत पडताक्षणी ते मीठ राहत नाही. त्यातील सोडियम आणि क्लोराइड आपापल्या वाटेने शरीरात जातात. रक्तात मीठ म्हणून मोजण्यासारखे काही नसते. मोजला जातो तो एका लिटर रक्तद्रवात किती सोडियम आयन आहेत याचा आकडा. त्या आकड्यात मिठाइतकाच पाण्याचाही वाटा असतो.

मिठाचे वर्धेशी नाते

पाणी निघून गेले की हेच आयन पुन्हा जाळीत बसतात. मिठागरात उन्हाने समुद्राचे पाणी आटते आणि तळाशी खडे उरतात, ते असे. ६ एप्रिल १९३० रोजी दांडीच्या किनाऱ्यावर गांधीजींनी उचललेले मीठ याच रीतीने तयार झालेले होते. त्या यात्रेला १२ मार्चला साबरमतीहून निघताना स्वराज्य मिळाल्याशिवाय आश्रमात परतणार नाही, असा त्यांचा निर्धार होता. साबरमती सुटली आणि पुढे जमनालाल बजाजांच्या आग्रहाने ते वर्धेला आले. १९३६ साली शेगावला राहायला गेले. त्याच शेगावचे १९४० मध्ये सेवाग्राम झाले. आपल्या जिल्ह्याला सेवाग्राम मिळाले, त्यामागे एका अर्थाने मिठाचा तो सत्याग्रह आहे.

विदर्भाला समुद्र नाही. तरीही १९३० मध्ये अकोला जिल्ह्यातील दहीहंडा येथे सत्याग्रहींनी मीठ केले, ते तेथील खाऱ्या विहिरींच्या पाण्यापासून. पूर्णा नदीच्या खोऱ्यातील तो खारपाणपट्टा आजही त्याच नावाने ओळखला जातो.

व्हाइसरॉय आयर्विन यांना २ मार्च १९३० रोजी लिहिलेल्या पत्रात गांधीजींनी एक मुद्दा मांडला होता. मीठ ही अशी वस्तू आहे की ती श्रीमंतापेक्षा गरिबाला अधिक खावी लागते, म्हणून तिच्यावरील कर गरिबाला अधिक जाचतो. वैद्यकाच्या दृष्टीने हे निरीक्षण अचूक आहे. उन्हात राबणाऱ्या शेतमजुराच्या घामातून पाण्याबरोबर सोडियमही बाहेर पडते आणि ते भरून काढावे लागते. याच गांधीजींनी दक्षिण आफ्रिकेत कस्तुरबांच्या आजारपणात त्यांना साथ म्हणून स्वतः मीठ आणि डाळी वर्ज्य केल्या होत्या. सेवाग्रामच्या काळात त्यांना उच्च रक्तदाबाचा त्रासही होता. माणूस, त्याचे श्रम, त्याचे वय आणि त्याचा आजार पाहून मिठाची गरज बदलते, हा धडा यातून घ्यावा.

शरीरातले अधिक आणि उणे

सुट्या झालेल्या या आयनांचे शरीरात काम काय? आपल्या प्रत्येक पेशीच्या बाहेर सोडियम अधिक असते आणि आत पोटॅशियम अधिक. ही विषमता आपोआप टिकत नाही. पेशीच्या आवरणातील एक यंत्रणा अहोरात्र तीन सोडियम बाहेर ढकलते आणि दोन पोटॅशियम आत घेते. डेन्मार्कच्या येन्स स्काऊ यांनी १९५७ मध्ये ही यंत्रणा शोधली आणि १९९७ मध्ये त्यांना नोबेल मिळाले. या विषमतेमुळे पेशीच्या आवरणावर एक सूक्ष्म विद्युतदाब राहतो. मज्जातंतूतून संदेश धावतो तेव्हा क्षणभर दारे उघडतात आणि सोडियम आत शिरते. हृदयाचा ठोका, हाताची मूठ, स्मरण, बोलणे हे सारे या प्रभारित कणांच्या ये-जा करण्यावर चालते. हृदयाचा आलेख काढतो तेव्हा आपण याच विजेची नोंद घेत असतो.

निरोगी माणसात रक्तातील सोडियम १३५ ते १४५ मिलिमोल प्रति लिटर एवढ्या अरुंद पट्ट्यात राहते. हा पट्टा सांभाळतात मूत्रपिंडे, मेंदूतील तहानेचे केंद्र आणि काही संप्रेरके. वय वाढते तशी मूत्रपिंडांची लवचीकता कमी होते आणि तहानेची जाणीव मंदावते. म्हणून वृद्धांमध्ये हा तोल दोन्ही बाजूंना लवकर ढळतो.

जास्त सोडियम : बरणीबाहेरचे मीठ

जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला आहे की प्रौढ माणसाने दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावे. हे सुमारे एक सपाट लहान चमचा होते. त्यात सोडियम किती, हे आता आपल्याला काढता येईल. सोडियमच्या अणूचे वजन २३ आणि क्लोरीनचे ३५.५ मानले तर मिठाच्या वजनात सोडियमचा वाटा दोन पंचमांशांच्या जवळ येतो. म्हणजे ५ ग्रॅम मिठात सुमारे २ ग्रॅम सोडियम. वेष्टनावर सोडियमचा आकडा दिला असेल तर त्याला अडीचने गुणावे, म्हणजे तो किती मिठाइतका आहे ते कळते.

शरीराला सोडियम कोणत्या संयुगातून आले याच्याशी कर्तव्य नसते. पाण्यात बंध सुटला की सगळे सोडियम सारखेच. सैंधव आणि पादेलोण यांचाही मुख्य घटक सोडियम क्लोराइडच आहे. रक्तदाबाच्या रुग्णाने ‘आम्ही सैंधव खातो’ म्हणून हात सैल सोडू नये. खाण्याचा सोडा आणि पापडखार खारट लागत नाहीत, तरी त्यांत सोडियम असते. पाण्यात टाकताच फसफसणाऱ्या पुष्कळशा गोळ्यांत आणि पित्तावरच्या चूर्णांतही ते असते. वाळवणाच्या दिवसांत केलेले पापड, कुरडया, सांडगे आणि वर्षभराचे लोणचे यांचा हिशेब भाजीतल्या मिठात धरला जात नाही, पण मूत्रपिंडांना तो धरावाच लागतो.

या हिशेबात एक बाटलीही येते. ‘अशक्तपणा वाटतो, एक सलाईन लावा’ अशी मागणी गावोगावच्या दवाखान्यांत रोज होते. साध्या सलाईनमध्ये १ लिटरला ९ ग्रॅम मीठ असते. अर्ध्या लिटरच्या एका बाटलीत साडेचार ग्रॅम. म्हणजे जवळजवळ दिवसभराच्या आहारातील मीठ तासा-दोन तासांत थेट शिरेतून दिले जाते. शरीरातील पाणी खरोखर कमी झालेले असेल तेव्हा ही बाटली प्राण वाचवते. नुसत्या थकव्यावर तिचा उपयोग नाही. ज्यांचे हृदय किंवा मूत्रपिंड दुर्बल आहे, त्यांना त्याच बाटलीने पायांवर सूज आणि धाप येऊ शकते. वृद्धांसाठी सलाईनचा आग्रह धरू नये. डॉक्टरांनी नको म्हटले तर ते आपल्या हिताचे आहे असे समजावे.

कमी सोडियम : म्हातारपण समजून दुर्लक्ष

आता दुसरी बाजू. माझ्या दृष्टीने कुटुंबीयांनी हिच्याकडे अधिक लक्ष द्यायला हवे, कारण ही ओळखू येत नाही. आठवडाभरापूर्वी नीट बोलणारी आजी एकाएकी सुस्त होते. विचारले त्याचे उत्तर भलतेच देते. मळमळते, डोके दुखते, चालताना तोल जातो, एखाद्या वेळी न्हाणीघरात पडते. घरचे म्हणतात, ‘आता वय झाले, विसरायला लागली.’ स्मृतिभ्रंश असा चार दिवसांत येत नाही. वागण्या-बोलण्यात काही दिवसांत घडलेला बदल हे आजाराचे लक्षण समजावे आणि सोडियमची तपासणी करून घ्यावी. आकडा १२५ च्या खाली गेला तर झटके येऊ शकतात, शुद्ध हरपू शकते.

याची कारणे अनेक असतात. रक्तदाबासाठी दिल्या जाणाऱ्या हायड्रोक्लोरोथायझाइड, क्लोरथॅलिडोन, इंडापामाइड या लघवी वाढवणाऱ्या औषधांनी काही वृद्धांचे सोडियम उतरते. नैराश्यावरची एस्सिटॅलोप्रॅम, सर्ट्रालीन यांसारखी औषधे आणि फिट्सवरची कार्बामॅझेपीन, ऑक्सकार्बाझेपीन यांनीही ते उतरू शकते. उलट्या-जुलाब, हृदय, यकृत व मूत्रपिंडाचे विकार, थायरॉइडची कमतरता, फुप्फुसाचा संसर्ग ही आणखी काही. आपल्याकडे वैशाखात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. त्या दिवसांत आहार घटलेला असतो, मीठ कटाक्षाने तोडलेले असते, लघवीची गोळी चालू असते आणि वर कोणीतरी ‘भरपूर पाणी प्या’ सांगितलेले असते. चारही गोष्टी एकत्र आल्या की सोडियमचा आकडा घसरतो.

येथे मघाचे वाक्य पुन्हा आठवावे. अहवालातील आकडा हे सोडियमचे पाण्याशी असलेले प्रमाण आहे. वरणात मीठ घालायचे राहिले तरी ते अळणी लागते आणि पाणी जास्त पडले तरीही अळणीच लागते. काही वृद्धांमध्ये सोडियम खरोखरच गेलेले असते. पुष्कळांमध्ये मात्र पाणी साचून ते पातळ झालेले असते. पहिल्याला मीठ लागते, तर दुसऱ्याला पाण्यावर मर्यादा घालावी लागते. सुजलेल्या हृदयरुग्णाला सोडियम कमी आहे म्हणून मीठ चारले तर त्याची धाप वाढेल. म्हणून अहवाल पाहून घरच्या घरी मिठाचे पाणी पाजू नये आणि औषधही स्वतःहून बंद करू नये. डॉक्टरांना सर्व गोळ्यांची यादी दाखवून कारण शोधून घ्यावे.

फार खाली गेलेले सोडियम रुग्णालयात हळूहळूच वर आणावे लागते. ते २४ तासांत साधारण ८ ते १० मिलिमोलपेक्षा अधिक वाढू न देण्याची दक्षता घेतात, कारण घाईने वाढवल्यास मेंदूतील तंतूंच्या आवरणाला इजा होऊ शकते. दोन-तीन दिवस झाले तरी आकडा पूर्ण का होत नाही, म्हणून नातेवाईक अस्वस्थ होतात. त्या संथपणामागे उपचाराचा हेतू असतो.

याच्या उलट, अंथरुणाला खिळलेला, पाणी मागू न शकणारा रुग्ण असेल तर सोडियम १४५ च्या वर चढते. त्याचे तोंड कोरडे पडते, लघवी गडद होते आणि तोही गुंगीत जातो. त्याला ठरावीक वेळी पाणी देणे ही काळजी घेणाऱ्याची जबाबदारी आहे. तहान लागण्याची वाट पाहू नये.

मिठाला पर्याय आणि त्यातील धोका

बाजारात कमी सोडियमचे मीठ मिळते. त्यात सोडियम क्लोराइडचा काही भाग काढून पोटॅशियम क्लोराइड घातलेले असते. पोटॅशियमही सोडियमप्रमाणे एक इलेक्ट्रॉन देतो आणि क्लोराइडशी तशीच जाळी बांधतो, म्हणून ते दिसायला मिठासारखेच असते आणि चवीलाही खारट लागते. चीनमधील ६०० खेड्यांत सुमारे २१ हजार लोकांवर केलेल्या आणि २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, एक चतुर्थांश पोटॅशियम क्लोराइड असलेले असे मीठ वापरणाऱ्यांमध्ये पक्षाघाताचे प्रमाण कमी आढळले. पुष्कळांसाठी हा पर्याय चांगला आहे.

परंतु त्या अभ्यासात गंभीर मूत्रपिंडविकार असलेल्यांना घेतलेले नव्हते. मूत्रपिंड दुर्बल असेल तर पोटॅशियम बाहेर टाकले जात नाही आणि रक्तात साचलेले पोटॅशियम हृदयाची लय बिघडवू शकते. टेल्मिसार्टन, लोसार्टन, रामिप्रिल, एनालाप्रिल, स्पायरोनोलॅक्टोन ही नेहमीची औषधेही पोटॅशियम वाढवू शकतात. यांपैकी एखादी गोळी चालू असेल किंवा क्रिएटिनिन वाढलेले असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय हे मीठ घरात आणू नये. मुलाने शहरातून प्रेमाने पाठवलेले पाकीट असले तरीही.

जलसंजीवनी : दोन बंधांची जोडी

मीठ आणि साखर यांच्या विरघळण्यातील भेद आपण पाहिला. जुलाबात हे दोघे एकत्र कामाला येतात. आतड्याच्या पेशीत एक असे दार आहे जे सोडियम आयन आणि ग्लुकोजचा अखंड रेणू दोघे सोबत आले तरच उघडते. त्यांच्यामागून पाणी आत येते. १९७१ मध्ये बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांत पटकी पसरली आणि सलाईन संपू लागले, तेव्हा बनगावच्या छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-ग्लुकोजचे पाणी तोंडाने पाजून असंख्य रुग्ण वाचवले. आजच्या १ लिटरच्या पुडीत १३.५ ग्रॅम ग्लुकोज, २.६ ग्रॅम मीठ, १.५ ग्रॅम पोटॅशियम क्लोराइड आणि २.९ ग्रॅम सोडियम सायट्रेट असते. पुडी नेहमी सांगितलेल्या पूर्ण पाण्यातच कालवावी. अर्धी पुडी अंदाजाने घालण्यात प्रमाण बिघडते. पुडी नसेल तर १ लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात चहाचे ६ सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ घालावे. नावात साधर्म्य असलेली गोड पेये तिची जागा घेत नाहीत. मधुमेहींनीही जुलाबात जलसंजीवनी टाळू नये, साखर तपासत राहावे. हृदय व मूत्रपिंडाच्या रुग्णांनी किती घ्यावी हे आधी विचारून ठेवावे.

काळजी घेणाऱ्यांसाठी

घरातील वृद्धांच्या औषधांची यादी एका कागदावर लिहून कपाटाच्या दाराला चिकटवावी. लघवीची गोळी नव्याने सुरू झाली किंवा मात्रा वाढवली तर एक-दोन आठवड्यांनी सोडियम आणि पोटॅशियम तपासण्याविषयी डॉक्टरांना विचारावे. मागच्या अहवालातील आकडे जपून ठेवावेत, कारण एकट्या आकड्यापेक्षा त्याची चाल अधिक सांगते. ‘मीठ कमी करा’ याचा अर्थ ‘मीठ बंद करा’ असा घेऊ नये. किती कमी, हे स्पष्ट विचारून घ्यावे. उन्हाळ्यात हीच चौकशी पुन्हा करावी, कारण हिवाळ्यात योग्य असलेली मात्रा वैशाखात योग्य असेलच असे नाही. पन्हे आणि ताक अवश्य द्यावे, त्यातील मीठ मात्र त्या व्यक्तीच्या आजाराला मानवेल एवढेच असावे. उन्हातून आलेल्या वृद्धाचे अंग तापलेले असून तो बरळत असेल तर ती उष्माघाताची खूण समजावी. सावलीत नेऊन अंग ओल्या कापडाने पुसत, वारा घालत तत्काळ १०८ ला फोन करावा. शुद्ध नसलेल्याच्या तोंडात पाणी ओतू नये.

आणि पुढच्या वेळी अहवाल हाती आला की त्या तीन ओळी वगळू नका. नातवंड जवळ असेल तर त्याला अधिक चिन्हाचा अर्थ विचारा. त्याने सांगितला तर उत्तम. नाही सांगितला तर मिठाचा एक खडा आणि पेलाभर पाणी घेऊन आपणच त्याला दाखवा.